नागपूरचा तिबेटी स्वेटर बाजार : माल, भाव आणि त्यामागची चळवळ

दिवाळीचे फराळाचे डबे रिकामे होऊ लागले की नागपुरात तिबेटी स्वेटरांचा बाजार उभा राहतो आणि संक्रांतीनंतर काही दिवसांतच उठून जातो. यंदा घरातील सर्वांची थंडीची खरेदी आम्ही याच बाजारातून केली. सासऱ्यांसाठी पूर्ण बाह्यांचा स्वेटर, सासूबाईंसाठी समोरून बटणांचे कार्डिगन, मुलासाठी शाळेत घालता येईल असे जाकीट, शिवाय कानटोप्या आणि पायमोजे असा तो ऐवज होता. हे कपडे हिवाळाभर वापरून आणि अनेकदा धुऊन झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आरंभीच सांगते. माल चांगला आहे, भाव रास्त आहेत, व्यवहार सरळ आहे, आणि ज्याला नागपूर-विदर्भाच्या थंडीपुरते उबदार कपडे हवे आहेत त्याने मॉलमध्ये दुप्पट पैसे मोजण्याचे काही कारण नाही. मात्र या बाजाराविषयी एवढेच लिहिले तर ते अपुरे राहील. येथील प्रत्येक दुकानदार एका देशोधडीला लागलेल्या राजकीय चळवळीचा मतदार आणि वर्गणीदार आहे, आणि आपण मोजलेल्या पैशांचा काही भाग त्या चळवळीला स्वतःच्या पायावर उभे ठेवतो. ग्राहकाला हे ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

बाजाराची मांडणी साधी आहे. बांबू, पत्रे आणि ताडपत्री यांच्या आधाराने उभारलेली दुकाने समोरासमोर दोन रांगांत असतात आणि प्रत्येकावर क्रमांक लिहिलेला असतो. पुढच्या दांडीवर टांगलेली जाकिटे, मधल्या फळीवर घड्या घातलेले स्वेटर, खालच्या टोपल्यांत मोजे आणि टोप्या, असा सर्वत्र सारखाच क्रम असल्यामुळे दोन-तीन दुकाने पाहिली की हवी ती वस्तू कोठे असेल याचा अंदाज येतो. भाव ठरलेले आहेत. दुकानदारांच्या संघटनेने एकाच प्रकारच्या मालाला सर्व दुकानांत साधारण एकच किंमत ठेवली असल्याने घासाघीस करण्यात वेळ जात नाही. आपल्याकडच्या ग्राहकाला घासाघीस केल्याशिवाय खरेदी झाल्यासारखे वाटत नाही हे खरे असले, तरी वयस्कर माणसांना आणि भिडस्त स्वभावाच्या लोकांना ही पद्धत फार सोयीची आहे. मोठ्या माणसाचा पूर्ण स्वेटर साधारण सातशे ते हजार रुपयांच्या दरम्यान मिळतो, मुलांचे कपडे त्याहून स्वस्त आहेत आणि आतून अस्तर असलेली जाड जाकिटे अर्थातच महाग आहेत.

आता मालाविषयी. पुष्कळ ग्राहक अजूनही असे समजतात की हे स्वेटर तिबेटी स्त्रिया हाताने विणतात. १९६०-७०च्या दशकांत निर्वासित स्त्रिया खरोखरच हाताने विणून पदपथावर स्वेटर विकत असत. आज मात्र या बाजारातील बहुतेक सर्व माल लुधियानाच्या कारखान्यांत यंत्रावर तयार होतो, आणि विचारल्यास दुकानदार ते लपवीतही नाहीत. त्यामुळे येथे हस्तकलेचा नमुना शोधू नये, चांगला कारखानी स्वेटर शोधावा. बराच माल ॲक्रिलिकचा असतो, काही मिश्र लोकरीचा असतो, आणि शुद्ध लोकरीचा अगदी थोडा. मी ज्या दुकानातून खरेदी केली तेथील बाईंनी ॲक्रिलिकचा आणि लोकरीचा असे दोन्ही स्वेटर हातात देऊन फरक दाखविला, आणि सासऱ्यांना लोकर अंगाला खाजते हे कळल्यावर स्वस्तातलाच घ्या असे सुचविले. विकणाऱ्याने महागाचा माल बाजूला ठेवून स्वस्ताची शिफारस करावी, हे रोजच्या बाजारात सहसा घडत नाही.

स्वेटर पारखताना मी तीन गोष्टी पाहिल्या आणि इतरांनीही पाहाव्यात. मनगटाशी आणि कमरेशी असलेली आवळ पट्टी ताणून सोडल्यावर पूर्ववत होते का, काखेतील शिवण दुहेरी आहे का, आणि उलट्या बाजूने विणीचे धागे सुटलेले दिसतात का. या तीनही कसोट्यांवर सासऱ्यांचा स्वेटर उतरला, आणि हिवाळा संपेपर्यंत त्याची पट्टी सैल पडली नाही. कोपरांपाशी थोडे गोळे आले, पण ॲक्रिलिकमध्ये ते येणारच. कार्डिगनचा गर्द तांबडा रंग पहिल्या धुण्यात किंचित उतरला, नंतर उतरला नाही. तरी गडद कपडे पहिल्यांदा वेगळेच धुवावेत. मुलाच्या जाकिटाची चेन मात्र पहिल्याच आठवड्यात अडकू लागली. ते घेऊन गेले तेव्हा बाईंनी पावती विचारली नाही, पक्कड घेऊन चेनचा सरकता भाग बदलला आणि पुन्हा बिघडल्यास जाकीटच बदलून देण्याचे कबूल केले. खरेदीच्या दिवशीच त्या म्हणाल्या होत्या, “घेऊन जा जी ताई, घरी घालून पाहा, नाही बसला तर परत आणा.” त्यांच्या मराठीला झाडीपट्टीचे वळण आहे, कारण त्यांचा जन्मच तिकडचा.

येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाजवळच्या गोठणगावात, १९७२ साली वसविलेली नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे. महाराष्ट्रातील ही तिबेटींची शेतीवसाहत होय. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता, म्हणून जुने लोक अजूनही तिला भंडाऱ्याची वसाहत म्हणतात. बर्फाच्या प्रदेशातून आलेल्या माणसांनी धानाच्या आणि सागाच्या मुलखात, मे महिन्याच्या आपल्या उन्हात, जमीन कसून घरे उभी केली. पण वसाहतीच्या जमिनीवर वाढत्या कुटुंबांचे भागत नाही. म्हणून कर्नाटकातील बैलकुप्पे आणि मुंडगोडपासून छत्तीसगडातील मैनपाटपर्यंतच्या वसाहतींतली असंख्य कुटुंबे हिवाळ्याचे तीन-चार महिने घर सोडून भारतभरच्या शहरांत स्वेटर विकतात. अनेकांची वर्षाची मुख्य कमाई तेवढ्याच दिवसांत होते.

हा धंदा चालतो तो विश्वासावर. दिवाळीपूर्वी तिबेटी व्यापारी लुधियानाला जातात, तेथील कारखानदारांकडून लाखांचा माल बव्हंशी उधारीवर उचलतात आणि मोसम संपल्यावर हिशेब चुकता करतात. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या या व्यवहारात लुधियानाच्या व्यापाऱ्यांनी तिबेटींच्या शब्दाला जी पत दिली आहे, ती ज्यांच्याकडे गहाण ठेवायला स्वतःच्या नावावरची जमीनही नाही अशा लोकांनी मिळविलेली आहे. २०१६च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली ती नेमकी मोसमाच्या तोंडावर, आणि २०२० साली साथीमुळे कित्येकांना दुकान लावताच आले नाही. त्या दोन हिवाळ्यांचा उल्लेख येथे अजूनही निघतो, आणि तो निघाला की उधारीची काळजी चेहऱ्यावर स्पष्ट दिसते.

आता दुकानांतल्या एका छायाचित्राविषयी. प्रत्येक दुकानात, गल्ल्याच्या वर, दलाई लामांचे छायाचित्र असते आणि त्याला पांढरे रेशमी वस्त्र गुंडाळलेले असते. आपण ते देवाच्या तसबिरीसारखे समजून पुढे जातो. पण हेच छायाचित्र ल्हासामध्ये कोणी दुकानात लावले तर त्याला तुरुंगात जावे लागते. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून चिनी सरकारने तिबेटमध्ये ते लावण्यावर आणि बाळगण्यावर बंदी घातली आहे. म्हणजे नागपुरात स्वेटरांच्या घड्यांवर टांगलेली ती तसबीर भक्तीची आहे तशीच ती राजकीय स्वातंत्र्याचीही खूण आहे. जे आपल्या मातृभूमीत करता येत नाही ते येथे करता येते, हे ती रोज सांगत असते.

या लोकांचे येणे कसे झाले हे आपल्याकडे वरवर ठाऊक असते. १९५१ साली तिबेट चीनचा भाग असल्याचे मान्य करणाऱ्या सतरा कलमी करारावर तिबेटच्या प्रतिनिधींना सह्या कराव्या लागल्या, पुढच्या आठ वर्षांत पूर्व तिबेटातील उठाव मोडून काढले गेले, आणि १० मार्च १९५९ रोजी दलाई लामांच्या जिवाला धोका आहे या भीतीने ल्हासातील हजारो नागरिकांनी नोर्बुलिंका राजवाड्याला स्वतःच्या देहांचे कडे केले. १७ मार्चच्या रात्री दलाई लामा सैनिकाच्या वेशात तेथून निघाले आणि ३१ मार्चला भारताच्या हद्दीत आले. त्यांच्या मागोमाग सुमारे ऐंशी हजार लोक आले. ज्या बाईंनी मला कार्डिगन विकले त्यांचे आईवडील त्यांच्यातलेच. आईने वाटेत काय पाहिले हे त्यांनी मला सांगितले नाही, मीही विचारले नाही. मात्र रस्तेबांधणीच्या कामावर खडी फोडण्यापासून आपल्या घराची भारतात सुरुवात झाली, हे त्यांनी अभिमानाने सांगितले.

मला या लोकांत सर्वांत थोर वाटते ती गोष्ट दयेची किंवा करुणेची नाही, ती संघटनेची आहे. भारतात आल्यावर महिन्याभरातच, मसुरीला, दलाई लामांनी निर्वासित प्रशासन उभे केले आणि १९६० साली ते हिमाचल प्रदेशातील धरमशाळेला नेले. त्याच वर्षी २ सप्टेंबरला लोकप्रतिनिधींची पहिली सभा शपथबद्ध झाली. आज त्या संसदेत ४५ सदस्य आहेत. तिबेटच्या तीन पारंपरिक प्रांतांचे प्रत्येकी दहा, बौद्ध धर्माच्या चार परंपरा आणि तिबेटची प्राचीन बोन धर्मपरंपरा यांचे प्रत्येकी दोन, आणि उरलेले अमेरिका, युरोप व ऑस्ट्रेलियाच्या बाजूला विखुरलेल्या तिबेटींचे. १९९१ साली त्यांनी लिखित सनद स्वीकारली, २००१ पासून प्रशासनाचा प्रमुख थेट मतदानाने निवडला जाऊ लागला, आणि २०११ साली दलाई लामांनी स्वतःचे सर्व राजकीय अधिकार निवडून आलेल्या नेत्याकडे सोपविले. लोकांनी मागणी केलेली नसताना, उलट अनेकांनी विनवण्या केलेल्या असताना, गादीवरच्या माणसाने सत्ता सोडण्याचे असे उदाहरण जगात फार थोडे सापडेल. २०२१च्या निवडणुकीत सुमारे ८३ हजार मतदारांनी नोंदणी केली होती आणि त्यांपैकी ६३ हजारांहून अधिक लोकांनी मत दिले. पेन्पा त्सेरिंग त्या वेळी प्रशासनाचे प्रमुख म्हणून निवडून आले. भूमी नाही, सैन्य नाही, एकाही देशाची औपचारिक मान्यता नाही, आणि तरीही मतदार यादी, प्रचार, मतमोजणी हे सर्व आहे.

स्वेटरांच्या परीक्षणात हे सर्व कशासाठी, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. प्रत्येक तिबेटीजवळ हिरव्या कव्हराची एक वही असते. १९७२ पासून चालत आलेल्या पद्धतीप्रमाणे तो दरवर्षी निर्वासित प्रशासनाला ऐच्छिक वर्गणी देतो आणि तिची नोंद त्या वहीत होते. मतदानासाठी, शाळेतील प्रवेशासाठी, शिष्यवृत्तीसाठी तीच वही दाखवावी लागते. कायद्याने कोणी ती वर्गणी वसूल करू शकत नाही, न देणाऱ्याला दंड करू शकेल असे पोलीस त्या सरकारजवळ नाहीत. तरीही लोक देतात, आणि ते पैसे कोठून येतात तर बऱ्याच अंशी या अशा दुकानांतून. रक्कम लहान असते, पण तिच्यावर त्या प्रशासनाचा नैतिक अधिकार उभा आहे. २०२५च्या आरंभी अमेरिकेने परदेशी मदत अडवून धरली तेव्हा तिबेटींच्या आरोग्य आणि शिक्षणाच्या कामांनाही फटका बसला. परक्याच्या मदतीवर उभी असलेली चळवळ दात्याच्या मर्जीवर चालते. म्हणून गोठणगावच्या बाईंनी नागपुरात विकलेल्या स्वेटरातून भरलेली वर्गणी मला परदेशी अनुदानापेक्षा मोलाची वाटते.

चळवळीत एकमत आहे असे मात्र नाही, आणि हे बाजारातही ऐकू येते. दलाई लामांनी १९८७-८८ पासून मांडलेला मध्यममार्ग संपूर्ण स्वातंत्र्य मागत नाही, चीनच्या अंतर्गत खरीखुरी स्वायत्तता मागतो. १९७० साली स्थापन झालेली तिबेटी युवक काँग्रेस संपूर्ण स्वातंत्र्याच्या मागणीवर ठाम आहे. २००२ ते २०१० या काळात दलाई लामांच्या दूतांच्या बीजिंगशी वाटाघाटींच्या फेऱ्या झाल्या आणि त्यांतून काहीही हाती लागले नाही, त्यामुळे तरुणांचा मध्यममार्गावरचा विश्वास कमी झाला आहे. शेजारच्या दुकानातील एका तरुणाने हे मला स्पष्टपणे सांगितले, आणि ते ऐकून बाईंनी नापसंतीने मान हलविली. तरीही दोघांच्या गल्ल्यावर छायाचित्र एकच होते.

या लोकांवरचा दबाव सीमेपलीकडेच थांबत नाही. बाईंचे काही नातलग तिबेटमध्ये आहेत. पूर्वी वुईचॅटवर अधूनमधून बोलणे होई, तेही हवापाणी, पीक, म्हाताऱ्यांची प्रकृती एवढ्यापुरते, कारण संभाषणावर नजर असते हे दोन्ही बाजूंना माहीत होते. २०२०च्या जूनअखेरीस भारताने चिनी ॲपांवर बंदी घातली तेव्हा तो मार्गही बंद झाला. बंदीचे कारण मला मान्य आहे, पण तिचा सर्वांत जिव्हारी लागणारा घाव चीनच्या छळातून पळालेल्यांनाच बसावा हे दुःखद आहे. दुसरीकडे तिबेटमध्ये बाहेरच्या नातलगांशी संपर्क ठेवला, त्यांना छायाचित्र किंवा बातमी पाठविली म्हणून अटक झाल्याच्या घटना मानवाधिकार संस्थांनी वारंवार नोंदविल्या आहेत. त्यामुळे बोलावेसे वाटणारा माणूसच बोलत नाही. त्याच्यामुळे कोणाला तरी शिक्षा होईल ही भीती त्याला गप्प करते. परागंदा झालेल्यांना छळण्याचा हा आधुनिक प्रकार आहे, आणि त्याला सैन्य पाठवावे लागत नाही.

२००८च्या मार्चमध्ये ल्हासापासून आम्दो आणि खाम या पूर्वेकडच्या तिबेटी प्रांतांपर्यंत निदर्शने उसळली आणि ती बळाने चिरडली गेली. त्याआधी दरवर्षी दोन-तीन हजार तिबेटी हिमालय ओलांडून नेपाळमार्गे भारतात येत असत, त्यानंतर सीमेवरचा पहारा इतका कडक झाला की अलीकडच्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे येतात. २००९ पासून तिबेटच्या भूमीवर दीडशेहून अधिक लोकांनी निषेधार्थ स्वतःला जाळून घेतले, त्यांत भिक्षू, भिक्षुणी, शेतकरी, आया आणि शाळकरी मुलेही होती. २०२३च्या फेब्रुवारीत संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी सांगितले की सुमारे १० लाख तिबेटी मुले सरकारी निवासी शाळांत घातली गेली आहेत आणि तेथे ती आपल्या भाषेपासून तुटत आहेत. माझ्या हातातल्या पिशवीत मुलाचे शाळेचे जाकीट असताना हे ऐकले, आणि दुकानातून चटकन निघावेसे वाटेना.

आपल्या देशानेही या पाहुण्यांशी नेहमी मोठ्या मनाने वर्तन केले आहे असे म्हणता येत नाही, जरी इतर कोणत्याही देशाने भारताइतके दिलेले नाही हे तिबेटी स्वतःच आधी सांगतात. भारताने १९५१च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. म्हणून येथे जन्मलेला तिबेटीसुद्धा बहुधा कायद्याच्या दृष्टीने परदेशी नागरिक असतो, त्याला नोंदणी प्रमाणपत्राचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते, आणि परदेशी जायचे तर पासपोर्टऐवजी पिवळ्या रंगाचे ओळखपत्र घेऊन विमानतळावर खुलासे करावे लागतात. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेल्यांना नागरिकत्वाचा हक्क आहे हे २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयाने मान्य केले, तरी अनेकांनी तो घेतलेला नाही. नागरिकत्व घेतले की परतण्याचा दावा दुबळा होईल, असे त्यांना वाटते. माझ्या बाईही त्यांतल्याच. चिनी नेते भारतात आले की तिबेटी कार्यकर्त्यांना आधीच अडकवून ठेवले जाते. २००२च्या जानेवारीत चीनचे पंतप्रधान झू रोंगजी मुंबईत असताना तेन्झिन त्सुंदे या कवी-कार्यकर्त्याने ओबेरॉय हॉटेलच्या बाहेरील बांधकामाच्या परांचीवर चढून तिबेटच्या मुक्तीचा फलक फडकविला होता. २०१९ साली शी जिनपिंग तमिळनाडूत येण्याआधी त्याच त्सुंदेंना पकडून ठेवण्यात आले. मुंबई विद्यापीठात शिकलेल्या या माणसाची ती कृती महाराष्ट्रात अधिक आठवली जायला हवी होती.

पुन्हा बाजाराकडे येते, कारण ग्राहक म्हणून काही तक्रारी आहेत आणि त्या मांडणे आवश्यक आहे. १० डिसेंबरला बाजार बंद होता. दलाई लामांना १९८९ साली नोबेल शांतता पुरस्कार मिळाला तो याच दिवशी, आणि हा मानवी हक्क दिनही आहे, म्हणून तिबेटी लोक तो पाळतात. बंद पाळण्याचा त्यांचा अधिकार निर्विवाद आहे. पण आदल्या दिवशी प्रवेशद्वारावर मराठीत सूचना लावली असती तर लांबून आलेली कुटुंबे परत गेली नसती, आणि कारण लिहिले असते तर चार लोकांना त्या दिवसाचे महत्त्वही कळले असते. दुसरी तक्रार अशी की कपडे घालून पाहण्यासाठी आडोसा नाही, त्यामुळे स्त्रियांना स्वेटर अंगातल्या कपड्यांवरूनच चढवून पाहावा लागतो आणि मापाचा अंदाज चुकतो. संध्याकाळी दिवे पिवळे असल्याने करडा आणि मोरपंखी यांतला फरक दिसत नाही, म्हणून रंग निवडायचा तर उजेडी जावे. लिहिलेली मापे कारखान्याप्रमाणे बदलतात, त्यामुळे चिठ्ठीवरच्या आकड्यावर विसंबू नये, खांदा मोजूनच घ्यावे.

आणखी एक सावधगिरी. शहरात इतरत्र रस्त्याकडेला तिबेटी स्वेटर अशी पाटी लावून बसणारे सगळेच तिबेटी नसतात. मी त्यांपैकी एका ठिकाणी घेतलेली कानटोपी एका धुण्यात आटली आणि विक्रेत्याने बदलून देण्यास नकार दिला. त्या मालावरून तिबेटींना नावे ठेवली जाऊ नयेत. ज्या बाजारात दुकानांना क्रमांक आहेत, भाव ठरलेले आहेत आणि पुढच्या वर्षी तीच माणसे पुन्हा भेटतात, तेथेच खरेदी करावी.

या बाजाराचे भवितव्य काय, ही चिंता मला आहे. दुकानांत बसलेली बहुतेक माणसे चाळिशी-पन्नाशीच्या पुढची दिसतात. मुले बंगळुरूला नोकरी करतात, काही कॅनडा-अमेरिकेत गेली आहेत. २००९च्या गणनेत जगभर १ लाख २७ हजार ९३५ निर्वासित तिबेटी मोजले गेले, त्यांपैकी ९४,२०३ भारतात होते, आणि त्यानंतर भारतातली संख्या घटतच गेली आहे. त्यातच दलाई लामांनी २०२५च्या जुलैत वयाची नव्वदी पूर्ण केली. आपल्यानंतरही ही परंपरा चालू राहील आणि पुढचा दलाई लामा ओळखण्याचा अधिकार आपल्या गादेन फोद्रांग न्यासाचाच असेल, असे त्यांनी जाहीर केले. चीनला मात्र ती निवड स्वतःच्या हातात हवी आहे. १९९५ साली पंचेन लामा, म्हणजे दलाई लामांच्या खालोखालचे धर्मगुरू, म्हणून ओळखला गेलेला सहा वर्षांचा मुलगा चिनी अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतला, तो पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडला नाही, त्यामुळे ही शंका निराधार नाही. अशा काळात वसाहती रिकाम्या झाल्या, हिवाळी दुकाने बंद पडली, तर त्या संसदेचे मतदार कोठे उरतील, हा प्रश्न बाईंनी स्वतःच विचारला होता. त्यांची मुलगी बंगळुरूला परिचारिका आहे आणि दरवर्षी डिसेंबरात सुट्टी काढून दुकानात बसायला येते, एवढे समाधान त्यांना आहे.

शेवटी खरेदीचा सल्ला. वृद्धांसाठी समोरून उघडणारे बटणांचे स्वेटर घ्यावेत, येथे त्यांची निवड सर्वांत चांगली आहे. मुलांचे लोकरी संच आणि कानटोप्या निःशंक घ्याव्यात. चेन असलेली जाकिटे घेताना चेन दुकानातच दहा वेळा वरखाली करून पाहावी. लोकरीच्या शाली मला महाग वाटल्या, त्या पारखता येत नसल्यास घेऊ नयेत. संक्रांतीच्या सुमारास उरलेल्या मालाचे भाव उतरतात म्हणून बरेच जण तोवर थांबतात, पण तेव्हा मधली मापे संपलेली असतात. शिवाय लुधियानाची उधारी बव्हंशी डिसेंबरच्या विक्रीतून फिटते, त्यामुळे घ्यायचेच आहे तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, शक्यतो कामाच्या दिवशी दुपारी जावे. तेव्हा गर्दी नसते आणि दुकानदारांना बोलायलाही सवड असते.